पेठ, पट्टा आणि गुंठेवारी : सातारा-सांगलीच्या नगररचनेतील काही शब्दांचा इतिहास

साताऱ्यात कोणासही पत्ता विचारला असता तो प्रथम पेठेचे नाव सांगतो. सोमवार, मंगळवार, शनिवार ह्या वारांच्या पेठा. भवानी, सदाशिव, मल्हार, यादोगोपाळ ह्या देवतांच्या व व्यक्तींच्या नावांच्या पेठा. चिमणपुरा, राजसपुरा, व्यंकटपुरा हे पुरे. प्रतापगंज हा गंज. आणि रामाचा गोट, पंताचा गोट हे गोट. सांगलीत गेले की गावभाग, पेठभाग, वखारभाग, खणभाग असे 'भाग' लागतात. ही नावे म्हणजे ह्या दोन शहरांच्या वसाहतीचे एक उघडे दप्तरच होय. पण त्याच जमिनीला आता दुसरीही एक नामावळी लागलेली आहे. निवासी विभाग, वाणिज्य विभाग, हरित पट्टा, निळी रेषा, लाल रेषा, आरक्षण क्रमांक अमुक. पहिली नामावळी लोकांच्या तोंडी आहे, दुसरी नकाशावर. एका नामावळीकडून दुसरीकडे येताना लहान दुकानदार, कारागीर आणि एखाददुसऱ्या गुंठ्याचा मालक ह्यांचे काय झाले, हे शब्दांच्या आधाराने पाहावे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

दोन्ही शहरे एकत्र घेण्यास कारण आहे. एक छत्रपतींची राजधानी, तर दुसरे पटवर्धनांच्या संस्थानाचे ठाणे. सांगली संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, आणि १९४९ मध्ये जो नवा जिल्हा झाला त्याचे नाव दक्षिण सातारा असे ठेवण्यात आले. 'सांगली जिल्हा' हे नाव १९६० चे. तेव्हा ह्या दोन शहरांचा विचार एका श्वासात करणे हे प्रशासनाच्या इतिहासालाही सोडून नाही.

आरंभ 'पेठ' ह्या शब्दापासून करू. हा शब्द संस्कृतातून ओढून आणण्याची खटपट व्यर्थ आहे. कन्नड पेटे, तेलुगू पेट, तमिळ पेट्टै ही त्याची सख्खी भावंडे समोरच उभी आहेत, आणि कृष्णाकाठी कन्नड व मराठी यांचा शेजार किती जुना आहे हे नव्याने सांगावयास नको. बाजार असलेली वस्ती हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. म्हणजे पेठ ही आधी बाजारपेठ आणि नंतर राहण्याची जागा होय. नुसत्या घरांच्या रांगेला पेठ म्हणत नाहीत. १७०८ मध्ये शाहू छत्रपतींना साताऱ्यास राज्याभिषेक झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहूनगर वाढू लागले. राजधानी वसवावयाची म्हणजे सावकार, वाणी, तांबट, शिंपी, तेली, साळी ही माणसे कोठून तरी बोलावून आणावयास हवीत. माणसे आपोआप येत नाहीत. त्यासाठी मराठेशाहीत जे साधन वापरले जाई त्याचे नाव कौल.

कौल हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ 'बोल', 'दिलेला शब्द'. मराठीत त्याचा पुढे दस्तऐवज झाला, आणि देवाने पाकळी देऊन सांगितलेल्या शब्दालाही आपण कौलच म्हणतो. नवी पेठ वसविताना सरकार व्यापाऱ्यांना व कारागिरांना कौल देई. येऊन राहा, दुकाने घाला, इतकी वर्षे मोहतर्फा माफ, जकातीत इतकी सूट, असा त्याचा आशय असे. काही वेळा कर एकदम न बसविता दरसाल थोडा थोडा वाढवीत नेत. त्यास इस्ताव्याचा कौल म्हणत. पेठेच्या आबादीची जबाबदारी शेटे आणि महाजन ह्या वतनदारांकडे असे. ह्या सर्व व्यवहारातील क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. पेठ वसवितात, भरवितात, आबाद करतात. कौल देतात. पेठ उठते किंवा उजाड होते. ती कोणी मना करीत नाही. नगररचनेची ही भाषा बोलावणाऱ्याची आहे.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. जुन्या व्यवस्थेत निर्बंध नव्हते असे म्हणणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. कोणी कोठे राहावयाचे हे जातीने ठरत होते, आणि तो निर्बंध आजच्या कोणत्याही नकाशापेक्षा कठोर होता. त्यावर हरकत व सूचना मागविण्याची जाहिरात निघत नसे. चांभारवाडा, मांगवाडा, महारवाडा ही नावेही वस्तीचे विभाजनच सांगतात, आणि कौलाचे औदार्य त्या वेशीपर्यंत पोचत नव्हते. शेटे-महाजनांचे हक्क हेही लहान विक्रेत्याच्या डोक्यावरचे ओझेच होते. आपल्याला येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की, धंदा आणि घर ह्यांना एकमेकांपासून दूर ठेवावे ही कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती. वाड्याच्या सोप्यात दुकान, मागे भट्टी किंवा माग, माडीवर कुटुंब, हीच पेठेतील घराची रीत. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा व्यवसाय ह्याच रीतीवर वाढला. पुढे फळीवर पेढे, मागे कढई.

'गोट' ह्या शब्दाची कथा निराळी. गोट म्हणजे सरदाराची छावणी. छावणी उठली, घोडी गेली, नाव राहिले, आणि त्या नावाखाली वाणी-उदमी नांदू लागले. इंग्रजांची छावणी मात्र अशी विरघळली नाही. १८१८ नंतर साताऱ्यास ग्रँट डफ हा रेसिडेंट म्हणून आला, शहराच्या बाजूला रेसिडेन्सी व छावणी झाली, आणि छावणीपुरता बाजार म्हणून सदर बझार. 'सदर' म्हणजे प्रमुख. पण हा प्रमुख बाजार शहराचा नव्हे, लष्कराचा. बंगल्यांची वस्ती एकीकडे, शिपायांच्या रांगा दुसरीकडे, दुकाने ठरवून दिलेल्या जागी. जमिनीचा वापर आधी ठरवावा आणि माणसाने त्याप्रमाणे वागावे, ह्या विचाराचे साताऱ्याला घडलेले पहिले दर्शन मला तरी येथे दिसते. प्रतापसिंह महाराजांनी ह्याच काळात शहरात रस्ते केले, पाणी आणले. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे जाणारे वरचा रस्ता व खालचा रस्ता हे आजही शहराचे दोन हात आहेत. पण त्या सुधारणा पेठेच्या पोटात झाल्या. पेठ मोडून नव्हे.

१८४८ मध्ये राज्य खालसा झाले आणि १८५३ मध्ये नगरपालिका आली. तिच्या पाठोपाठ जो कायदा वाढत गेला त्यातील एक कलम लहान घरमालकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने रस्त्याची नियमित रेषा ठरविण्याचा अधिकार नगरपालिकेस दिला. जुने घर पाडून पुन्हा बांधावयाचे झाल्यास त्या रेषेच्या आत सरकून बांधावयाचे. गेलेल्या जागेचा मोबदला कायद्यात होता. परंतु ज्याचे सारे दुकानच सोप्याच्या आठ फुटांत मावलेले, त्याचे चार फूट गेले म्हणजे त्यास जागेचा भाव मिळून काय उपयोग? म्हणून अनेक गावांत मालक घर पाडीतच नाही. ते डागडुजीने उभे ठेवतो. जुन्या पेठांतील वाडे टेकू लावून उभे दिसतात त्यास भाऊबंदकी व भाडेकायदा ही कारणे आहेतच. पण ही सरकणारी रेषाही त्यांपैकी एक आहे.

सांगलीचा आरंभ उशिराचा. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि कृष्णाकाठच्या एका लहान गावाला त्यांनी राजधानी केली. गणेशदुर्ग, गणपतीचे देऊळ आणि त्या देवळाच्या नावाने गणपती पेठ ही ह्या नव्या शहराची अंगे. पुढे गूळ व हळद ह्यांच्या व्यापाराने हे शहर इतके वाढले की हळदीचा सांगली-भाव हा देशभर ध्यानात घेण्याचा भाव झाला. वखारभाग हे नावच सांगते की मालाच्या साठवणीसाठी शहराचा एक भाग राखला होता. मात्र हळदीची खरी वखार शहरात नव्हे, तर कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरास, जमिनीच्या पोटात होती. तोंड अरुंद, पोट मोठे, अशी जमिनीत खणलेली पेवे. आत पाला-कडबा लावून हळद भरावयाची आणि तोंड बंद करावयाचे. ह्या मातीत हळद वर्षानुवर्षे टिकते असा व्यापाऱ्यांचा अनुभव. म्हणजे हरिपूरचा भूवापर, आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर, मातीनेच ठरविला होता. 'पेव फुटणे' हा आपला वाक्प्रचार अशाच कोठारावरून आला. पेव फुटले की माल आवरत नाही. २००५ च्या महापुराने हरिपुरातील अनेक पेवे निकामी केली आणि हळद हळूहळू गुदामांत व शीतगृहांत गेली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले.

बोलावणारी भाषा आणि मनाई करणारी भाषा ह्यांची समोरासमोर गाठ पडल्याचा एक प्रसंग ह्याच भूमीत घडला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांचा लोखंडी नांगरांचा छोटा कारखाना बेळगावास होता. नगरपालिकेच्या आदेशामुळे त्यांना ती जागा सोडणे भाग पडले. कारखाना मोडून माणूस रस्त्यावर यावा अशी ती अवस्था. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा सुमारे ३२ एकरांचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना दिला, भांडवलास कर्जही दिले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. किर्लोस्करवाडीची कथा स्वदेशी उद्योगाची कथा म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु नगररचनेच्या अभ्यासकाने ती आणखी एका अर्थाने वाचावी. बेळगावची पालिका नव्या पद्धतीने वागली आणि औंधचा राजा जुन्या पद्धतीने. त्याने दिलेला तो कौलच होता. किर्लोस्करांना औंध भेटले. ज्यांना कोणी औंध भेटले नाही अशा लोहार-सुतारांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत.

आता 'झोन'कडे वळू. हा शब्द ग्रीक, आणि त्याचा अर्थ कंबरपट्टा. लॅटिनमधून तो युरोपीय भाषांत गेला, भूगोलाने पृथ्वीचे उष्ण व शीत पट्टे दाखविण्यास तो घेतला आणि तेथून नगररचनेने उचलला. जर्मनीत फ्रांकफुर्ट शहराने १८९१ मध्ये विभागवार बांधकामाचे नियम केले. न्यूयॉर्कचा सर्व शहराला लागू होणारा ठराव १९१६ चा. ओहायो राज्यातील युक्लिड ह्या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये अशा विभागणीला घटनामान्य ठरविले, आणि घर, दुकान, कारखाना ह्यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवणाऱ्या पद्धतीला त्या गावाचे नाव चिकटले. भूमितीच्या युक्लिडाशी तिचा संबंध केवळ नावापुरता. तथापि सरळ रेषांवरचा विश्वास दोहोंतही सारखाच आहे. आपल्याकडे मुंबई नगररचना कायदा १९१५ चा. तो मुख्यतः नव्या वाढत्या भागांच्या आखणीपुरता होता. १९५४ च्या कायद्याने संपूर्ण नगरासाठी विकास योजना करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले, आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने ती व्यवस्था पक्की केली. पॅट्रिक गेडिस हा नगररचनेचा थोर अभ्यासक १९१९ पासून १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होता. जुन्या वस्तीत मोठ्या पाडापाडीऐवजी जेथे खरोखर नडते तेथेच लहानशी शस्त्रक्रिया करावी असे त्याचे मत होते. आपल्या विद्यापीठाने त्याला पगार दिला; कायद्याने त्याचे ऐकले असे दिसत नाही.

लोकांनी 'झोन'चे काय केले ते पाहण्यासारखे आहे. सातारा-सांगलीकडचा शेतकरी किंवा भूखंडधारक 'हिरवा पट्टा', 'पिवळा पट्टा' असे बोलतो. नकाशावरील शेतीचा रंग हिरवा आणि निवासाचा पिवळा, त्यावरून हे आले. कोणाही पंडिताने न सुचविता लोकभाषेने ग्रीक शब्दाचा नेमका मूळ अर्थ धरला, ह्याचे भाषाभ्यासकाला कौतुक वाटते. पण ह्याच 'पट्टा' शब्दाला जुना आणखी एक अर्थ आहे. जमीन कसण्यास वा भोगण्यास दिल्याचा लेख, तोही पट्टाच. जुना पट्टा हातात आला म्हणजे माणसाला जमिनीवर हक्क मिळे. नवा पट्टा जमिनीवर पडला म्हणजे त्या हक्काची मर्यादा कळते.

शासकीय परिभाषेकडे पाहिले असता तिच्यातील नकारांची दाटी नजरेत भरते. शेताचे घर करावयाचे तर जमीन 'बिनशेती' व्हावी लागे. म्हणजे ती काय आहे हे न सांगता काय नाही ते सांगावयाचे. परवानगी म्हणजे 'ना-हरकत' दाखला. नकाशात 'ना-विकास' विभाग असतो, आणि पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यानंतर 'ना-फेरीवाला' क्षेत्र हाही शब्द रूढ झाला. कोणी म्हणेल की हे केवळ भाषांतराचे दोष आहेत. काही अंशी ते खरे आहे. पण इंग्रजी मूळही नकारार्थीच आहे. कौलाच्या भाषेत सरकार प्रथम बोलत असे. येथे अर्जदाराने प्रथम बोलावयाचे आणि सरकारने हरकत नसल्याचे कळवावयाचे.

'आरक्षण' ह्या शब्दाला मराठीत दोन जन्म मिळाले. सामाजिक न्यायाच्या संदर्भात तो मिळण्याचा शब्द आहे, नगररचनेत तो जाण्याचा. आपल्या भूखंडावर शाळा, बाग, मंडई किंवा वाहनतळ ह्यांचे आरक्षण पडले म्हणजे जागा मालकाचीच राहते, पण तिच्यावर काही करता येत नाही. ती विकावयास जावे तर गिऱ्हाईक मिळत नाही. बँक तारण घेत नाही. १९६६ च्या अधिनियमाचे १२७ वे कलम ह्या अडचणीवर उपाय म्हणून आहे. अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन न झाल्यास मालकाने नोटीस द्यावी, आणि ठरीव मुदतीत संपादनाची पावले न पडल्यास आरक्षण रद्द समजावे. ही मुदत मूळ कायद्यात ६ महिन्यांची होती. २००९ मध्ये ती १२ महिन्यांची आणि २०१५ मध्ये २४ महिन्यांची झाली. 'पावले' म्हणजे काय ह्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, आणि गिरनार ट्रेडर्स खटल्याच्या २००७ च्या निर्णयात, केवळ प्रस्ताव पाठविणे म्हणजे पाऊल नव्हे असा अर्थ लावला गेला. मोठा मालक वकील लावून १० वर्षे थांबू शकतो. ज्याची पुंजीच तो एक भूखंड आहे त्याच्या मुलीचे लग्न किंवा मुलाचे शिक्षण १० वर्षे थांबत नाही. तो मिळेल त्या भावाने भूखंड त्या थांबू शकणाऱ्यास विकतो. निर्बंधाचा भार सर्वांवर सारखा टाकला तरी तो सर्वांना सारखा लागत नाही, हे येथे स्पष्ट होते.

घर आणि धंदा वेगळे ठेवण्याच्या तत्त्वाची खरी कसोटी पाहावयाची असेल तर मिरजेस जावे. दर्ग्याच्या परिसरात सतारमेकर गल्ली आहे. शस्त्रे घासणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब हे गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि त्यांच्या वंशजांनी व शिष्यांनी मिरजेच्या तंबोऱ्याला देशभर मान मिळवून दिला. पंढरपूर-मंगळवेढे भागातील भोपळा येतो, तो वाळतो, चिरला जातो, रंगतो. तारा लागतात, जवारी काढली जाते. हे सर्व घरातच चालते, आणि घरातील सर्व पिढ्या त्यात असतात. जवारी काढण्याची विद्या कान तयार झाल्याखेरीज येत नाही, आणि कान लहानपणापासून त्या घरात राहिल्याने तयार होतो. हा उद्योग निवासी की औद्योगिक? कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन तो करता येईल असे कागदावर म्हणता येते. परंतु तेथे मूल झोपेत तंबोरा ऐकणार नाही. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने भूगोल मान्य केला. नकाशाच्या कोणत्या रंगात तो भूगोल बसतो हा प्रश्न वेगळाच आहे.

साताऱ्यातील एका अरुंद बोळात राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या एका गृहस्थांची हकीकत येथे सांगण्यासारखी वाटते. पुढच्या खोलीत तीन यंत्रे बसवून दोन मुलींना कामास घ्यावे म्हणून ते कर्जास गेले. वापराचा दाखला हवा होता, आणि निवासी भागात कोणता व्यवसाय चालेल हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. बोळ पेशवाईतला, तो नियमाच्या मापात कसा बसणार? गृहस्थ रागावले नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच की, घर त्यांचे, यंत्रे त्यांची, तेवढा बोळ मात्र त्यांचा नाही. यंत्रे पुढे बसली. दाखला नाही, कर्जही बँकेचे नव्हे, सावकारी दराचे. निर्बंधाने धंदा थांबला नाही, महाग झाला. अशा धंद्याला नोटिशीची भीती कायमची असते, आणि भीती असलेल्या माणसाकडून पैसे उकळणारे कोणीतरी निघतेच.

इतके म्हटल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे, आणि ती मांडण्यास सांगलीसारखी जागा नाही. आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्यापाशी पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट इशाऱ्याची आणि ४५ फूट धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टात हे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गणपती पेठ, मारुती रोड, हरभट रोड, म्हणजे शहराचा सारा जुना बाजार, पाण्याखाली होता. २००५ मध्ये हे घडले होते, २०२१ मध्ये पुन्हा घडले. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. ही रेषा कोणा कारकुनाच्या लहरीने काढलेली नाही; ती कृष्णेने काढलेली आहे. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नको म्हणणे हा लहान माणसावरचा अन्याय नव्हे, त्याचा जीव वाचविण्याचा प्रयत्न आहे.

परंतु नियम चांगला असला तरी त्याची किंमत कोण देतो हे पाहावे लागते. नव्या नियमांनुसार निळ्या व लाल रेषांमध्ये बांधावयाचे तर जोते लाल रेषेच्या पातळीवर उचलावे लागते. राहत्या घराला हे सोसते. चार पायऱ्या वाढल्या. दुकानाचे तसे नाही. बाजारातील लहान दुकान रस्त्याच्या पातळीवरच जगते. गिऱ्हाईक चालता चालता फळीवरची वस्तू हातात घेऊन पाहते, तेथे विक्री होते. डोक्याएवढ्या जोत्यावर चढून कोणी सुतळीचा तोडा घ्यावयास जाणार नाही. मोठा व्यापारी मार्केट यार्डात गेला, विश्रामबागेकडे गेला. त्याला गुदाम उंचावर घेता आले. ज्याची पागडी गणपती पेठेत अडकली आहे तो तेथेच राहिला, आणि दर पुरानंतर फळ्या धुऊन पुन्हा लावू लागला. अशा माणसाला केवळ मनाई देऊन चालत नाही. वरच्या भागात त्याला जागा आणि काही वर्षांची सूट देऊन बोलाविले पाहिजे होते. पूररेषेसोबत कौल निघाला नाही, ही ह्या प्रकरणातील उणीव आहे असे मला वाटते.

सातारा जिल्ह्यात निसर्गरक्षणाचे असेच एक प्रकरण महाबळेश्वर-पाचगणीचे. १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने तो प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम ठरला. डोंगरउतार आणि झाडे वाचली पाहिजेत ह्याबद्दल वाद नाही. गावकऱ्याला वाढत्या कुटुंबासाठी एक खोली काढणे आणि बाहेरच्या धनिकाला हॉटेल बांधणे ह्या दोन्ही गोष्टी त्या चाळणीत एकाच भोकातून जातात, एवढेच येथे नोंदवितो. त्याचा विचार स्वतंत्र निबंधात करावा लागेल.

शेवटी 'गुंठेवारी'. हा शब्द ह्या भागातील नगररचनेच्या इतिहासातील सर्वांत बोलका शब्द होय. गुंठा हा एकराचा ४० वा भाग, म्हणजे १०८९ चौरस फूट. शब्द कन्नड गुंटे ह्याचा सोयरा. 'वारी' हा प्रत्यय आपल्याला रयतवारी, हप्तेवारी ह्यांत परिचित आहे. त्याचा अर्थ त्या त्या एककाप्रमाणे केलेली वाटणी. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे ठरीव मापाखाली तुकडे पाडण्यास मनाई केली. हेतू शेतीचा होता. परंतु गिरणीतला, यार्डातला, बांधकामावरचा माणूस शहरात येत राहिला, आणि पिवळ्या पट्ट्यातील मंजूर भूखंड त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा शहराच्या कडेच्या शेतमालकाने शेत गुंठ्या-गुंठ्याने विकले, खरेदी कधी साध्या मुद्रांकावर, कधी नोटरीपुढे झाली, आणि वस्ती उभी राहिली. सांगलीत ह्या वस्त्यांचे अक्षरशः पेव फुटले. शामरावनगरासारख्या काळ्या मातीच्या सखल भागात पावसाळ्यात पाणी हटत नाही, गटारास उतार सापडत नाही. कारण वस्ती आधी आणि रेखांकन नंतर. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका झाली तेव्हा तिच्या पदरात ह्या वस्त्या आधीच बांधलेल्या होत्या. साताऱ्यातही शहराच्या हद्दीबाहेर शाहूपुरी, विलासपूर असे भाग वाढत गेले आणि २०२० मध्ये हद्दवाढीने ते शहरात आले.

कायद्याला शेवटी हा शब्द स्वीकारावा लागला. २००१ मध्ये महाराष्ट्राने गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा, त्याची श्रेणीवाढ व नियंत्रण करण्याचा अधिनियम केला. त्याच्या इंग्रजी पाठातही 'गुंठेवारी' हाच शब्द आहे. त्याला भाषांतर सापडले नाही, किंवा कोणी शोधले नाही. १ जानेवारी २००१ पर्यंतचे भूखंड शुल्क भरून नियमित होणार होते. २०२१ च्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर आली. म्हणजे मधल्या वीस वर्षांत मनाई चालूच होती आणि गुंठेवारीही चालूच होती. ज्यांनी मनाई पाळली त्यांना त्याचे काही मिळाले नाही. ज्यांनी पाळली नाही त्यांनी वीस वर्षे नळ, रस्ता आणि कर्ज ह्यांवाचून काढली. दोघेही लहान मालकच.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यातील बहुतेक शहरांना एकच नियमावली लागू झाली. तिचे नाव 'एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली' असे आहे. नियंत्रणाशेजारी 'प्रोत्साहन' हा शब्द नावात आला, हा भाषेच्या दृष्टीने लहान बदल नव्हे. कौल, माफी, इस्तावा हे सारे एका अर्थी प्रोत्साहनच होते. प्रत्यक्षात ते प्रोत्साहन चटईक्षेत्राच्या रूपाने येते, आणि चटईक्षेत्र ज्याचा भूखंड मोठा व रस्ता रुंद त्याच्या उपयोगी पडते. साताऱ्यातील त्या बोळात नियमावलीची प्रत अजून कोणी वाचलेली नाही. तेथे तिन्ही यंत्रे चालू आहेत, आणि दिवाळीच्या आधी दोन महिने पुढच्या खोलीतील दिवा रात्री बारापर्यंत जळत असतो.